ऑइल प्रेशरचा काटा काय सांगतो?

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)



चोपड्याकडून केळी भरून निघालेली गाडी शिरपूर, पळासनेर करत बिजासनचा घाट चढायला लागते. मे महिन्याची दुपार असते. बाहेर ४३-४४ अंशांचं ऊन असतं आणि इंजिनातलं ऑइल १०० अंशांच्या घरात गेलेलं असतं. नेमका अशा वेळी डॅशबोर्डवरचा ऑइल प्रेशरचा काटा खाली यायला लागतो. मागे भरलेला माल नाशवंत, पुढे घाट. अशा वेळी ड्रायव्हरने काय करायचं, आणि नंतर गॅरेजमध्ये मालकाने फिटरला काय विचारायचं, हे आज आपण जरा सविस्तर बघू.

सुरुवातीला एक घडलेली गोष्ट सांगतो. धुळे तालुक्यातले माझ्या ओळखीचे एक मालक-चालक आहेत. नाव सांगत नाही, आपण त्यांना नाना म्हणू. त्यांची सहा सिलिंडरची जुनी गाडी. २००६ साली तिचा ऑइलचा काटा खाली राहायला लागला. गाडी गॅरेजला लावली. काटा बघूनच निदान झालं की बेअरिंग गेले, इंजिन खोलावं लागेल. इंजिन उतरलं, खोललं. बेअरिंग तसे ठीकच होते, पण एवढं खोललंच आहे तर नवे टाकून घ्या म्हणून नवे टाकले. पंधरा दिवस गाडी उभी. बिल भरायला घरातली सोन्याची पोत गहाण पडली. इंजिन बांधून गाडी सुरू केली, तर काटा जिथे होता तिथेच! शेवटी एका वायरमनने काट्याला खबर देणारा सेंडर बदलला. काही शे रुपयांची वस्तू. काटा लगेच वर आला.

पुढे दोन वर्षांनी, बिजासनच्या घाटात, काटा पुन्हा खाली आला. क्लीनर म्हणाला, "नाना, काटा खाले उना." नाना म्हणाले, "काटा खोटा शे. चाल पुढे." मागचा अनुभव ताजा होता ना! काही किलोमीटरवर इंजिनातून ठोका सुरू झाला आणि सेंधव्याच्या अलीकडे इंजिन जाम झालं. या वेळी काटा खरं बोलत होता. कनेक्टिंग रॉडचे बेअरिंग वितळले होते, क्रँक भंगारात गेली. केळी दुसऱ्या गाडीत भरून पाठवली, पण तोवर माल पिकायला लागला होता. भाव पडला तो पडलाच.

पहिल्या वेळी काट्यावर पूर्ण विश्वास ठेवला, दुसऱ्या वेळी अजिबात ठेवला नाही. दोन्ही वेळा चूक मात्र एकच झाली. ऑइलचं प्रेशर खरोखर किती आहे, हे कोणी मोजलंच नाही. आज मला सांगायचं आहे ते एवढंच, की आधी गाडी थांबवा, मग मोजा आणि मोजल्यावरच खोला.

प्रेशर तयार कसं होतं?

आपल्या जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला हे समजावणं सोपं आहे, कारण घरोघरी ठिबक आहे. ठिबकमध्ये काय असतं? विहिरीत फूटव्हॉल्व्ह, त्याला जाळी, मग पंप, मग फिल्टर, मग मेन लाइन, सबमेन आणि शेवटी बारीक नळ्या. पंप पाणी ढकलतो. ते पाणी बारीक छिद्रांतून सहज बाहेर पडू शकत नाही, म्हणून लाइनमध्ये प्रेशर तयार होतं. नळ्यांची टोकं उघडी सोडून बघा. पंप तोच, मोटर तीच, पण गेजवरचा काटा खाली येतो.

इंजिनात हुबेहूब हेच असतं. खाली चेंबरमध्ये ऑइल, त्यात बुडालेली जाळी, वर ऑइल पंप. पंपाच्या पुढे एक रिलीफ व्हॉल्व्ह. प्रेशर ठरावीक मर्यादेपेक्षा वाढलं की तो उघडतो आणि जास्तीचं ऑइल परत चेंबरमध्ये सोडतो. मग ऑइल कुलर, फिल्टर आणि मेन गॅलरी. गॅलरीतून ऑइल मेन बेअरिंगला जातं, क्रँकमधल्या भोकांतून कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगला जातं, कॅमला, वर रॉकरला आणि टर्बो असेल तर टर्बोला जातं. सगळीकडून गळून पुन्हा चेंबरमध्ये येतं.

ठिबकच्या नळीतल्या बारीक छिद्राचं काम इथे बेअरिंग आणि क्रँक यांच्यातली फट करते. ही फट किती? साधारण केसाच्या जाडीएवढी, मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही थोडी कमी. तेवढ्या फटीत ऑइलचा पातळ थर दबावाने भरलेला असतो आणि क्रँक त्या थरावर तरंगत फिरते. लोखंडाला लोखंड लागत नाही, म्हणून इंजिन लाखो किलोमीटर चालतं.

आता या फटीचा एक हिशेब लक्षात ठेवा. फट दुप्पट झाली तर तिच्यातून निसटणारं ऑइल दुप्पट होत नाही, जवळजवळ आठपट होतं. कारण हा हिशेब फटीच्या घनाच्या प्रमाणात चालतो. म्हणून बेअरिंगची थोडीशी झीजही काट्यावर एकदम दिसते.

दुसरी गोष्ट ऑइलच्या पातळपणाची. १५डब्ल्यू-४० हे आपल्याकडे सर्रास वापरलं जाणारं ऑइल ४० अंशांना जितकं घट्ट असतं, त्याच्या सुमारे सातव्या-आठव्या हिश्शाइतकंच १०० अंशांना उरतं. त्यामुळे सकाळी थंड इंजिनावर काटा वर आणि दुपारी घाट चढून आल्यावर थोडा खाली, हा दोष नाही. तो ऑइलचा स्वभाव आहे. दोष कधी म्हणायचा? रोजच्यापेक्षा वेगळं दिसलं तर, किंवा कंपनीने दिलेल्या किमान आकड्याच्या खाली गेलं तर.

आधी गाडी बाजूला घ्या

चालू गाडीत काटा एकदम पडला किंवा ऑइलचा लाल दिवा लागला, तर पुढच्या ढाब्यापर्यंत जाऊ, घाट उतरून बघू, असं करू नका. प्रेशर खरंच गेलं असेल तर बेअरिंग जळायला फार वेळ लागत नाही. सुरक्षित जागा दिसताच गाडी डाव्या बाजूला घ्या आणि इंजिन बंद करा. मात्र आधी थांबा, मग इंजिन बंद करा. चालत्या गाडीत इंजिन बंद केलं तर पॉवर स्टेअरिंग जड होतं आणि ब्रेकची हवा भरणारा कॉम्प्रेसरही थांबतो. उतारावर असाल तर हँडब्रेक ओढून चाकाला लाकडी ठोकळा किंवा दगड लावा. मागे फांदी न टाकता त्रिकोण ठेवा.

इंजिन बंद केल्यावर स्विच पुन्हा नुसता चालू करा, स्टार्ट करू नका. इंजिन बंद असताना ऑइलचा काटा शून्यावर असायला हवा. तो मध्येच कुठेतरी अडकून बसला असेल, तर मीटर किंवा सेंडरवर संशय घ्यायला जागा आहे. पण हा फक्त संशय झाला, निकाल नव्हे.

पट्टी, वास आणि थेंब

आता दहा मिनिटं थांबा. सगळं ऑइल चेंबरमध्ये उतरू द्या. गाडी सपाटीवर असावी. मग ऑइलची पट्टी काढा, पुसा, पुन्हा घाला आणि बघा. हे सगळ्यात स्वस्त निदान आहे आणि तेच घाईत राहून जातं.

ऑइल खालच्या खुणेच्या खाली असेल तर अर्धं उत्तर मिळालं. चढावर किंवा वळणावर काटा थरथरतो आणि सपाटीवर ठीक होतो, याचं नेहमीचं कारण हेच असतं. ऑइल एका बाजूला सरकतं, जाळी उघडी पडते आणि पंप ऑइलबरोबर हवा ओढतो. फूटव्हॉल्व्ह पाण्याबाहेर आला की विहिरीवरचा पंप जसा गुरगुरतो, तसंच हे. योग्य ते ऑइल भरा, पण ऑइल गेलं कुठे हेही शोधा. इंजिनाखाली डाग आहेत का? सायलेन्सरमधून निळसर धूर येतो का? ब्रेकच्या हवेच्या टाकीचा ड्रेन उघडल्यावर पाण्याबरोबर ऑइल निघतं का? तसं असेल तर कॉम्प्रेसर ऑइल खातो आहे.

ऑइल वरच्या खुणेच्याही वर गेलं असेल, तर आनंद मानू नका. इंजिनात ऑइल आपोआप वाढत नाही. त्यात डिझेल उतरलं असेल किंवा पाणी. पट्टीचा वास घ्या. बोटांवर चोळून बघा. टिपकागदावर किंवा वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर एक थेंब टाकून थोडा वेळ ठेवा. मधल्या काळ्या डागाभोवती फिकट, तेलकट कडं दूरवर पसरलं तर डिझेलची शंका घ्या. फीड पंपाचं सील गेलं, किंवा एखादा नोझल टपकत असला, तर डिझेल ऑइलमध्ये येतं. डिझेलमिश्रित ऑइल इतकं पातळ होतं की चांगल्या बेअरिंगमध्येही प्रेशर टिकत नाही. अशा वेळी नवं ऑइल भरून भागत नाही. डिझेल कुठून येतं ते आधी बंद करावं लागतं.

ऑइल दुधाळ, ताकासारखं दिसलं तर त्यात पाणी आहे. लायनरच्या खालचे रबर, हेड गॅस्केट किंवा ऑइल कुलर, या तिघांपैकी कोणीतरी गुन्हेगार आहे. ऑइल कुलर फुटला की चालू इंजिनात ऑइलचं प्रेशर पाण्यापेक्षा जास्त असतं, म्हणून रेडिएटरमध्ये ऑइलचा तवंग येतो. रेडिएटर बघायचा तर इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच झाकण उघडा. पाणी मिसळलेल्या ऑइलवर इंजिन पुन्हा सुरू करू नये. गाडी टोचन करून न्यावी.

काटा खरा की खोटा?

ऑइलची पातळी आणि रंग दोन्ही ठीक आहेत. आता साक्षीदार तपासायचा. जुन्या गाड्यांमध्ये दोन पद्धती आढळतात. फार जुन्या गाड्यांत इंजिनापासून केबिनपर्यंत तांब्याची बारीक नळी येते आणि ऑइल थेट मीटरपर्यंत पोचतं. ही नळी दबली, चिरली किंवा मळीने बुजली की काटा चुकतो. नंतरच्या गाड्यांत इंजिनावर एक सेंडर बसवलेला असतो आणि वायरमधून मीटरला खबर जाते. दिव्याचा स्विच बहुधा वेगळा असतो. इथे एक गैरसमज दूर करतो. दिवा लागला नाही म्हणजे प्रेशर उत्तम आहे, असं नाही. दिव्याचा स्विच प्रेशर फारच खाली गेल्यावर लागतो. दिवा ही शेवटची घंटा आहे.

वायरिंगचा दोष ओळखायच्या काही खुणा आहेत. इंजिनाचा वेग वाढवला, कमी केला, तरी काटा जागचा हलत नाही. किंवा काटा डोळ्यांची पापणी लवते तेवढ्यात वरून खाली, खालून वर उड्या मारतो. किंवा ऑइलच्या काट्याबरोबर डिझेलचा आणि टेंपरेचरचा काटाही नाचतो. अशा वेळी अर्थिंग किंवा करंटचा घोटाळा असण्याचा संभव जास्त.

सेंडरची वायर काढा आणि स्विच चालू ठेवून काट्याकडे बघा. मग तीच वायर क्षणभर इंजिनाच्या स्वच्छ लोखंडाला टेकवा. एका स्थितीत काटा एका टोकाला आणि दुसऱ्या स्थितीत दुसऱ्या टोकाला गेला, तर मीटर आणि वायर दोन्ही शाबूत आहेत. कोणत्या स्थितीत कोणतं टोक, हे गाडीगणिक बदलतं. काटा हललाच नाही, तर सेंडर बदलून काही उपयोग नाही, दोष वायरमध्ये किंवा मीटरमध्ये आहे. आणखी एक गोष्ट. पुष्कळ सेंडरना अर्थिंग त्यांच्या आट्यांमधूनच मिळतं. गळती नको म्हणून त्या आट्यांवर पांढरी टेप भरपूर गुंडाळली, की अर्थिंग तुटतं आणि नवाकोरा सेंडरही खोटं बोलायला लागतो.

तीन आकडे लिहून घ्या

एवढं करूनही सेंडर बरोबर आहे की नाही, हे नक्की सांगायला एकच उपाय आहे. सेंडर काढून त्याच जागी, किंवा मेन गॅलरीच्या प्लगच्या जागी, हाताने वापरायचा साधा प्रेशर गेज लावायचा. शून्य ते दहा किलोचा गेज, त्याला चांगला होज पाइप आणि योग्य आट्यांचा जोड. ठिबकच्या फिल्टरवर लावतो त्याच जातीचं हे उपकरण, फक्त गरम ऑइल सोसणारं हवं. जळगावच्या अजिंठा चौफुलीला काय किंवा धुळ्याच्या पारोळा चौफुलीला काय, ज्या मिस्त्रीकडे हा गेज आहे आणि जो तो लावल्याशिवाय इंजिन खोलायचं नाव काढत नाही, त्याच्याकडे गाडी न्या. होज गरम सायलेन्सरच्या पाइपापासून आणि पंख्यापासून दूर बांधा. जोड निसटला तर उकळतं ऑइल अंगावर येतं.

आता तीन वेळा मोजायचं. पहिला आकडा थंड इंजिन सुरू केल्यावर आयडलला. दुसरा, गाडी चालवून इंजिन पुरतं तापल्यावर आयडलला. तिसरा, तापलेल्या इंजिनावर पूर्ण कामाच्या वेगाला. तिन्ही आकडे कागदावर लिहा.

किती असायला हवेत? हे इंजिनागणिक वेगळं असतं आणि ज्याच्या त्याच्या पुस्तकातच बघायला हवं. उदाहरण म्हणून सांगतो. १९९३ साली स्थापन झालेल्या टाटा कमिन्सच्या जमशेदपूरच्या कारखान्यातलं ५.९ लिटरचं सहा सिलिंडर इंजिन आपल्याकडच्या कित्येक जुन्या गाड्यांत आहे. कमिन्सच्या या बी मालिकेच्या इंजिनाला तापल्यावर आयडलला किमान १० पौंड, म्हणजे सुमारे ०.७ किलो, आणि पूर्ण वेगाला किमान ३० पौंड, म्हणजे सुमारे २.१ किलो प्रेशर लागतं. रिलीफ व्हॉल्व्ह ६५ पौंडांच्या आसपास उघडतो. तापलेल्या इंजिनावर आयडलला पाऊण किलो बघून घाबरणारे मालक मी पाहिले आहेत. त्या इंजिनाला तेवढं चालतं. पण दुसऱ्या बनावटीच्या इंजिनाला हेच आकडे लावू नका. टाटांचं ६९७ इंजिन वेगळं, लेलँडचं वेगळं. ६९७ मधला ६ हा सिलिंडरचा आणि ९७ हा मिलिमीटरमधल्या बोरचा. इंजिनाच्या नावातच त्याचं माप आहे, तसं त्याचं प्रेशरही त्याच्याच पुस्तकातलं घ्या.

आकडे दोष दाखवतात

हातातल्या गेजवर तिन्ही आकडे बरोबर आले आणि केबिनमधला काटा मात्र खाली असला, तर इंजिनाला हात लावू नका. सेंडर, वायर, मीटर यांतलं जे खराब असेल ते बदला. नानांचा २००६ सालचा सगळा खर्च या एका चाचणीने वाचला असता.

थंडपणी प्रेशर चांगलं, तापल्यावर आयडलला फार कमी, पण वेग वाढवला की वर येतं, असं असेल तर दोनच मोठ्या शक्यता आहेत. ऑइल पातळ झालं आहे किंवा फटी वाढल्या आहेत. आधी स्वस्त शक्यता तपासा. खात्रीच्या दुकानातून योग्य ग्रेडचं ऑइल आणि चांगला फिल्टर टाका आणि पुन्हा मोजा. आकडे तेच राहिले, तर बेअरिंगची झीज मानायला आधार मिळाला.

थंड असो की गरम, आयडल असो की वेग, सगळीकडेच प्रेशर कमी असेल, तर रिलीफ व्हॉल्व्ह उघडा अडकला आहे का ते बघा. त्याच्या बसायच्या जागेवर एखादा कचऱ्याचा कण बसला किंवा स्प्रिंग तुटली, तर पंपाने ढकललेलं ऑइल तिथूनच परत चेंबरमध्ये जातं. बऱ्याच इंजिनांत हा व्हॉल्व्ह बाहेरूनच काढता येतो. पंपाची झीजही अशीच दिसते.

सुरुवातीला प्रेशर बरं, पण वेग वाढवला की वाढायच्या ऐवजी पडतं किंवा थरथरतं, तर ओढीच्या बाजूला दोष आहे. जाळी चोंदली आहे, किंवा पंपाकडे जाणाऱ्या पाइपाच्या जोडातून हवा ओढली जाते आहे. ऑइल गरजेपेक्षा जास्त भरलं आणि क्रँक त्यात आपटून फेस झाला, तरीही असंच होतं.

ऑइल-फिल्टर बदलल्यावर लगेच प्रेशर बिघडलं, तर त्याच कामाकडे परत जा. फिल्टर चुकीचा आहे का? जुन्या फिल्टरचं रबर इंजिनालाच चिकटून राहिलं आणि वर नवं बसलं, असं झालं आहे का? सुटा कागदी एलिमेंट असलेल्या फिल्टरमध्ये आतला वॉशर किंवा स्प्रिंग राहून गेली, तर ऑइल गाळल्याशिवायच पुढे जातं. काढलेला फिल्टर फेकू नका. तो कापून कागदाच्या घड्या उलगडून बघा. चमकणारे बारीक कण दिसले तर बेअरिंगचा थर सुटतो आहे. चुंबकाला चिकटले तर लोखंड. हा फिल्टर म्हणजे इंजिनाची रक्ततपासणी आहे आणि ती फुकटात होते.

चेंबर उतरवल्यावर

आकड्यांनी चेंबरकडे बोट दाखवलं, तरच चेंबर उतरवा. पुष्कळ जुन्या गाड्यांत त्यासाठी इंजिन उतरवावं लागत नाही. गाडी नुसत्या जॅकवर ठेवून खाली शिरू नका, खाली भक्कम टेकू द्या.

पहिल्यांदा जाळी बघा. काळ्या मळीने भरली आहे का? गॅस्केट बसवताना कोणी सीलची पेस्ट जास्त लावली असेल, तर तिचे रबरासारखे गोळे आत पडतात आणि जाळीला चिकटतात. पुसायच्या कापसाचे धागेही तिथेच सापडतात. आपल्या भागात बाभळीखाली, उडत्या धुळीत इंजिन उघडं टाकून काम चालतं. त्या धुळीचं पुढे काय होतं, ते या जाळीत दिसतं.

मग एक मेन आणि एक कनेक्टिंग बेअरिंगची टोपी खोलून शेल बघा. वरचा करडा थर झिजून आतलं तांबूस दिसायला लागलं असेल, ओरखडे असतील, तर बेअरिंग बदलायची वेळ आली. पण नुसते शेल बदलून थांबू नका. क्रँकचं माप मायक्रोमीटरने दोन-तीन दिशांनी घ्या. क्रँक अंडाकृती झिजली असेल तर नव्या शेलमध्येही फट सारखी राहणार नाही. तेव्हा ग्राइंडिंग करून त्या मापाचे अंडरसाइज शेल टाकावे लागतात. तो खर्च मोठा आहे, हे खरं. पण आता तो मोजून, बघून केलेला खर्च आहे, अंदाजाने केलेला नाही.

घट्ट ऑइलचा मोह

शेवटी दोन प्रचलित उपायांबद्दल बोललंच पाहिजे. पहिला उपाय म्हणजे अधिक घट्ट ऑइल किंवा बाटलीतलं दाट औषध टाकणं. त्याने काटा वर येतो, यात शंका नाही. पण फट तेवढीच राहते. ठिबकची फुटलेली नळी तशीच ठेवून पाण्याऐवजी गूळपाणी सोडण्यासारखं आहे हे! शिवाय आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत धुळ्याचा पारा १० अंशांच्या खाली उतरतो. तेव्हा पहाटे थंड इंजिनात हे दाट ऑइल रॉकरपर्यंत आणि टर्बोपर्यंत उशिरा पोचतं. सुरू केल्यावर पंधरा सेकंदांत प्रेशर दिसायला हवं, ते दिसत नाही. कंपनीच्या पुस्तकात उन्हाळ्यासाठी वेगळी ग्रेड दिली असेल तर जरूर वापरा. तिच्यापलीकडे जाऊ नका. आणि गाडी विकताना असं ऑइल टाकून काटा वर दाखवणं, ही तर घेणाऱ्याची सरळ फसवणूक आहे.

दुसरा उपाय रिलीफ व्हॉल्व्हच्या स्प्रिंगखाली वॉशर टाकायचा. थोडा विचार करा. तापलेल्या इंजिनावर आयडलला प्रेशर कमी असतं, तेव्हा चांगला रिलीफ व्हॉल्व्ह मुळात बंदच असतो. बंद दार आणखी दाबून काय मिळणार? उलट सकाळी थंड, घट्ट ऑइलवर तो उघडायला हवा तेव्हा उघडत नाही, आणि फिल्टर फुटण्याची किंवा पंपावर ताण येण्याची भीती वाढते.

वर्षातून दोनदा, उन्हाळ्याच्या तोंडाशी आणि दिवाळीनंतर, हातातल्या गेजने हे तीन आकडे मोजून घ्यावेत. तारीख, किलोमीटर, ऑइलची ग्रेड आणि तीन आकडे, एवढंच लिहायचं. प्रेशर हळूहळू उतरत असेल तर ही वही सहा महिने आधी सांगते, आणि इंजिनाचं काम केळीच्या हंगामाबाहेर, सवडीने, पैशाची जुळवाजुळव करून काढता येतं. प्रेशर एकदम पडलं, तर कालपर्यंत किती होतं हे फिटरला सांगता येतं.

नानांनी पुढे कर्ज काढून दुसरी क्रँक टाकली. तीच गाडी नंतर कितीतरी वर्षं त्यांनी चालवली. तिच्या केबिनमध्ये, देवाच्या फोटोखाली, दोरीने बांधलेली एक छोटी वही असायची. काटा जरा खाली दिसला की गाडी बाजूला घेऊन नाना आधी पट्टी काढायचे आणि मग ती वही.